ट्रंकेतलं पेन

मुलांनो, तुम्ही कधी राजगडावर आला असाल तर आमचं गुंजवणे गाव तुम्ही पाहिलंच असेल. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट आमच्याच गावातून निघते. पण जुलैत आलात तर आम्ही तुम्हाला राजगड दाखवू शकणार नाही! पंधरा-पंधरा दिवस गड ढगात असतो. खाली खाचरांत भाताची लावणी चाललेली असते आणि शाळेत निम्मी मुलं ओल्या डोक्यानेच येतात.

अशाच एका पावसाळी सकाळी आमच्या चौथीतली एक मुलगी दप्तरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. एक पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत रुमाल आणि रुमालात एक काळं, जाडसर पेन.

"सर, आजीच्या ट्रंकेत सापडलं. हे लिहीतच नाही."

मी टोपण फिरवलं. ते कुरकुरत निघालं. निबेवर निळी-काळी खपली चढलेली. क्लिपवरची अक्षरं पार झिजलेली, त्यामुळे पेन कोणत्या कंपनीचं ते कळायला मार्ग नाही. मागचा भाग फिरवून पाहिला तर जागचा हलेना.

"कुणाचं गं हे?"

"आजोबांचं. ते मुंबईला गोदीत होते ना, तेव्हाचं."

संध्याकाळी तिची आजी स्वतःच शाळेत आली. आजोबा रात्रशाळेत शिकले होते. ते राहायचे त्या गाळ्यात लिहिता येणारे ते एकटेच. मग काय, सगळ्या गाववाल्यांची पत्रं आणि मनीऑर्डरचे फॉर्म याच पेनाने लिहिले जायचे. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली. आजीने एवढंच सांगितलं, "गुरुजी, चालू झालं तर बरंच हाये. पन मोडू नगा. त्यांचं येवढंच ऱ्हायलंय."

आता आली का पंचाईत? चालू तर करायचं, पण मोडायचं नाही! त्या बारा दिवसांत आम्ही काय काय केलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पेन लिहितं कसं?

एखादी वस्तू दुरुस्त करायची तर ती चालते कशी, हे आधी कळायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही पेन बाजूला ठेवलं आणि पपईच्या पानाचा देठ आणला. तो आतून पोकळ असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्हीही करून बघा. देठ पाण्यात बुडवा, वरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि देठ वर उचला. पाणी आतच राहतं! अंगठा थोडासा ढिला केला की पाणी पडतं. म्हणजे काय? वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून पाणी बाहेर पडत नाही.

आता दुसरा प्रयोग. खडूचं टोक शाईच्या थेंबाला लावा. शाई आपोआप खडूत वर चढते. अगदी बारीक फटीत किंवा छिद्रात द्रव असा स्वतःहून ओढला जातो. याला म्हणतात केशाकर्षण. केस म्हणजे 'केश'. केसासारख्या बारीक नळीतलं आकर्षण, म्हणून हे नाव.

शाईचं पेन या दोन गोष्टींवर चालतं. निबेच्या खाली एक काळी पट्टी असते. तिला आपण जीभ म्हणतो. जिभेवर एक अगदी बारीक खाच असते. पोटातली शाई या खाचेतून केशाकर्षणाने निबेच्या फटीपर्यंत येते आणि फटीतून कागदावर उतरते. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा जिभेवरूनच आत शिरते. शाई बाहेर, हवा आत! हा व्यवहार सुरळीत चालला की पेन छान लिहितं. हवा आत जाईना, तर पेन अडतं. हवा जास्त झाली, तर पेन ओकतं आणि खिशाला निळं फूल येतं.

आमच्या पेनाचं दुखणं आता कळलं. बारा वर्षांत शाईतलं पाणी उडून गेलं होतं आणि रंग तेवढा खाचेत घट्ट बसला होता. पेन मोडलेलं नव्हतंच, त्याचा घसा बसला होता!

बोरू, टाक आणि झरणी

शिवाजी महाराजांनी वीसहून अधिक वर्षं राजगडावरून कारभार पाहिला. तेव्हा गडावरची पत्रं बोरूने लिहिली जात. बोरू म्हणजे तिरकं कापलेलं वेताचं किंवा बांबूचं काडूक. काजळी आणि डिंक घोटून शाई करायची, दौतीत बोरू बुडवायचा, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. इंग्रजांच्या काळात लाकडी दांड्याला पोलादी निब लावलेला टाक आला. पण बुडवणं काही सुटलं नाही.

शाई पोटातच ठेवणारं पेन करावं, यासाठी जगभर खटपट चालू होती. पेत्राके पोएनारू नावाच्या रुमानियाच्या एका विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये १८२७ साली अशा पेनाचं पेटंट घेतलं. पण शाई हवी तेवढीच उतरेल, याची खात्री नसे. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन याने जिभेची अशी रचना केली की शाई आणि हवा यांचा मेळ बसला. त्याची एक गोष्ट सांगतात, की विम्याच्या कागदावर शाई सांडून त्याचं गिऱ्हाईक गेलं आणि त्या रागातून त्याने पेन तयार केलं! गोष्ट मजेदार आहे, पण तिला पुरावा मिळालेला नाही. पेटंट मात्र खरं आहे.

फाउंटन म्हणजे कारंजं, झरा. म्हणून मराठीत फाउंटन पेनाला 'झरणी' असा छान शब्द आहे. तो फारसा रुळला नाही, ही गोष्ट वेगळी!

आपल्याकडे परदेशी पेनं महाग. स्वदेशीचे दिवस आले, तसं लोकांनी इथेच पेनं आणि शाई करायला घेतली. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स' म्हणजे घोडा छाप शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे त्यांचीच 'कॅमल' शाई शाळाशाळांत पोचली. कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन! आंध्रातल्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं आणि ते ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचलं. गांधीजी तेव्हा आपल्या वर्ध्याला होते. त्यांनी ते वापरून पाहिलं आणि जुलै १९३५ मध्ये पत्र लिहून रत्नम यांचे आभार मानले. नुसतं मिळालं म्हणून नव्हे, तर वापरून पाहून! हे मला फार आवडतं.

घाई नको, पक्कड नको

आजोबांचं पेन ड्रॉपरने शाई भरायचं होतं. म्हणजे मान (आपण बोटांत धरतो तो पुढचा भाग) फिरवून काढायची आणि पोटात थेट शाई ओतायची. पण मान आणि पोट यांचे आटे वाळलेल्या शाईने चिकटले होते.

वर्गातल्या एका पठ्ठ्याने लगेच सुचवलं, "सर, पक्कड लावू या!"

पक्कड लावली असती तर पेन नक्की उघडलं असतं, पण दोन तुकड्यांत! दुसरा म्हणाला, "उकळत्या पाण्यात टाकू या."

तेव्हा मी मुलांना माझीच फजिती सांगितली. डी.एड.ला असताना माझ्याकडे माझ्या वडिलांचं असंच एक काळं पेन होतं. ते अडलं म्हणून मी हॉस्टेलवर गरम पाण्याच्या मगात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी बघतो तर काळं कुळकुळीत पेन शेवाळी-तपकिरी झालेलं, आणि वर काडेपेटीसारखा वास! वडील काही बोलले नाहीत. पेन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं. ते गप्प राहिले, तेच मला जास्त लागलं.

असं का झालं? जुनी काळी पेनं बहुतेक एबोनाइटची असतात. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली शोधून काढलं, की रबरात गंधक घालून तापवलं तर रबर चिवट होतं. गंधक पुष्कळ घातलं तर ते लाकडासारखं कडक होतं. तेच एबोनाइट. त्याचं पेटंट गुडइयरचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली घेतलं. या एबोनाइटला ऊन आणि गरम पाणी सोसत नाही. वरचा काळा रंग जातो आणि तो पहिल्यासारखा परत येत नाही. वास यायचा तो त्यातल्या गंधकाचा.

म्हणून या वेळी आम्ही नियम केला. पाणी साधं, आणि तेही फक्त निब आणि मान बुडेल एवढंच. वाटीत बोटभर पाणी घेतलं आणि पेन निब खाली करून काठाला टेकवून ठेवलं. निबेचं टोक तळाला दाबू नये म्हणून खाली कापडाची घडी. रोज सकाळी आणि शाळा सुटताना पाणी बदलायचं. ही जबाबदारी अर्थात पेनाच्या मालकिणीची.

पहिल्या दिवशी मान हलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना मुलगी म्हणाली, "सर, उघडेल ना?" मी म्हटलं, "बघू." खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

चौथ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घेतले. एक मानेभोवती, एक पोटाभोवती. रबरामुळे पकड घट्ट बसते आणि पेनाला ओरखडा पडत नाही. हळूच फिरवलं. काही नाही. थांबलो. दोन मिनिटं मान मुठीत धरून ऊब दिली. पुन्हा फिरवलं. बारीकसा 'कट्' आवाज आला. मोडलं की काय! वर्गात अगदी चिडीचूप.

मोडलं नव्हतं. आटे सुटले होते.

निळं पाणी

मान निघाली तशी आम्ही ती स्वच्छ पाण्यात धरली आणि ड्रॉपरने मागून पाणी सोडलं. निबेतून शाईचा एक निळा धागा पाण्यात उतरला. मग दुसरा. बघता बघता वाटी निळीशार झाली.

"सर, ही आजोबांची शाई?"

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. खरंच की! आजोबांनी शेवटची भरलेली शाई ती. बारा वर्षं वाट बघत बसलेली.

तिला ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं होतं. मी सांगितलं, की त्याला बुरशी धरेल, ते टिकायचं नाही आणि पुन्हा पेनात तर मुळीच घालायचं नाही. तिचा चेहरा उतरला. मग आम्ही बांबूच्या काडीचा बोरू कापला. तो त्या पाण्यात बुडवून तिने वहीच्या पानावर आजोबांचं नाव लिहिलं. अक्षरं फिक्की आली, पण वाचता येत होती. ते पान तिने वाळवून पुस्तकात ठेवलं आणि वाटी स्वतःच्या हाताने बाहेर जास्वंदीच्या झाडाखाली ओतली.

पुढचे तीन दिवस पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं चाललं. जिभेची खाच तरीही पूर्ण मोकळी होईना. म्हणून निब आणि जीभ दोन्ही एकत्र चिमटीत धरून, न फिरवता, सरळ ओढून काढली. जुन्या मऊ टूथब्रशने खाच घासली. मग सगळे भाग सुती कापडावर सावलीत ठेवले. पावसाळी हवा, त्यामुळे वाळायलाच दोन दिवस लागले!

निबेचा प्रश्न

आता खरी अडचण पुढे आली. पेन जोडलं, शाई भरली, कागदावर टेकवलं, तर कर्रर्र! कागदच खरवडला. भिंग लावून पाहिलं. निबेचं टोक दोन पाकळ्यांचं असतं, मध्ये फट. त्यातली एक पाकळी वर उचलली गेली होती आणि मुळाशी गंजाने खाल्ली होती.

पाकळी किंचित वर-खाली असेल तर नखाने हळूच दाबून सरळ करता येते. पण गंजलेली पाकळी दाबली तर तुटायची भीती. आणि आजीचे शब्द माझ्या कानांत होते, 'मोडू नगा.' निब बदलावी तर आजोबांच्या हाताला बसलेली निब जाणार. रोज एकाच हातात, एकाच तिरक्या धरण्याने लिहून लिहून निबेचं टोक त्या माणसासारखं घासतं. ती निब काढून टाकायची?

मी ठरवलं, हे आपण ठरवायचं नाही. पेन घेऊन मी आणि ती मुलगी आजीकडे गेलो. आजी चुलीशी बसली होती. मी सगळं नीट समजावून सांगितलं. पाकळी, गंज, हाताची सवय, सगळं. आजीने ऐकून घेतलं आणि ती हसायलाच लागली.

"आवं गुरुजी, निबा तर ते सारख्याच बदलायचे! फोर्टात रस्त्यावर मिळायच्या म्हनं. सुट्टीला आले की एक-दोन संगं असायच्याच."

घ्या! मी दोन रात्री ज्याचा विचार करत होतो, ते कोडं आजीने एका वाक्यात सोडवलं. आजोबांना पेन जपायचं होतं ते लिहिण्यासाठी. निब झिजली की नवी बसवायची, शाई संपली की भरायची. पेन चालू राहिलं पाहिजे.

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेलो, तेव्हा अप्पा बळवंत चौकात त्याच मापाची साधी पोलादी निब शोधली. तीन दुकानं फिरावी लागली. जुनी निब आजीने एका डबीत ठेवली आहे. नवी बसवताना ती जिभेच्या बरोबर मध्यावर येईल, असं पाहिलं. आट्यांना अगदी किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं, म्हणजे शाई झिरपत नाही. ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून चिमूटभर मिळालं.

आणि पेन लिहायला लागलं! पहिल्या ओळीत दोनदा अडलं, मग सुरळीत.

टोपणाला मात्र काठाशी एक बारीक चीर आहे. ती आम्ही तशीच ठेवली. तिने काही अडत नाही.

तुम्हीही करून बघा

तुमच्या घरात, आजोळी, कुठल्या तरी खणात असं एखादं पेन नक्की असेल. विचारा, शोधा. पण हात लावण्याआधी ज्यांचं आहे त्यांची परवानगी घ्या आणि जवळ एक मोठं माणूस ठेवा.

१. आधी नुसतं बघा. पेन कशाने भरतं? पोटात थेट शाई, की आत रबरी नळी, की दट्ट्या? चिनी 'हिरो' पेनात धातूच्या आवरणात दाबायची नळी असते. ती ओढून काढू नका, नुसती दाबून दाबून धुवा.

२. पाणी साधंच घ्या. उकळतं पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर, रॉकेल यांपैकी काहीही नको. स्पिरिटने काही पेनं विरघळतातसुद्धा.

३. जुनं रंगीबेरंगी पेन सेल्युलॉइडचं असू शकतं. ते भुर्रकन पेटतं. त्याला दिव्याजवळ, चुलीजवळ नेऊ नका.

४. फिरवून निघत नसेल तर अजून भिजवा. जोर हा उपाय नाही.

५. निबेच्या फटीत ब्लेड किंवा सुई घालू नका.

६. शाई फाउंटन पेनाचीच भरा. चित्रकलेची जलरोधक शाई किंवा शिक्क्याची शाई भरलीत तर पेनाचा घसा कायमचा बसेल.

७. ड्रॉपरचं पेन पाव भरलेलं ठेवू नका. शाई कमी म्हणजे आत हवा जास्त. हाताच्या उबेने हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. आता कळलं, परीक्षेच्या शेवटच्या पानावरच डाग का पडतो?

८. महिनाभर लिहिणार नसाल तर पेन धुऊन, वाळवून ठेवा. वाळलेली शाईच पेनाला बंद पाडते.

आणि सोन्याची निब असेल, रबरी नळी फाटली असेल, किंवा पेन तुमच्या घरच्यांना फार मोलाचं असेल, तर जाणकाराकडे न्या. 'हे मला जमणार नाही' असं वेळेवर म्हणता येणं, हेसुद्धा कारागिराचंच काम आहे.

आमच्या चौथीतल्या मुलीने त्या पेनाने पहिलं काय लिहिलं, सांगू? आजीने सांगितलेलं पोस्टकार्ड. मुंबईच्या आत्याला. आजी सांगत होती, ही लिहीत होती. "लावणी झाली. गाय व्याली. तू गणपतीला ये." शेवटी आजी म्हणाली, "बाबांच्या पेनाने लिवलंय, आसं लिव." तेही तिने लिहिलं.

पत्ता मात्र आम्ही बॉलपेनाने लिहिला. आमचा पाऊस मोठा, आणि शाई पाण्यात विरघळणारी. पोस्टमन आमच्यापर्यंत भिजतच येतो!